कमरेचे रिव्हॉल्वर आणि फकिराची तलवार

१

खंडेनवमीच्या दिवशी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत भट्ट्या विझलेल्या असतात. एरवी तेलाने आणि काजळीने माखलेली लेथ मशीनं त्या दिवशी पुसून लख्ख केलेली असतात. त्यांना झेंडूच्या माळा घातलेल्या असतात, हळदीकुंकू वाहिलेले असते. कामगार बायकापोरांना घेऊन येतात, पेढा खातात आणि परत जातात. माझे वडील एका फौंड्रीत भट्टीवर होते. मी सातवी-आठवीत असेन. त्या दिवशी पेढ्याच्या ओढीने मीही त्यांच्याबरोबर गेलो होतो. बाहेर शेडमध्ये घण, सांडशी, साचे आणि फावडी ओळीने मांडली होती. आत मालकाच्या केबिनमध्ये चौरंग होता. त्यावर हिशेबाच्या वह्या होत्या, तिजोरीच्या किल्ल्या होत्या आणि मधोमध एक आखूड नळीचे काळे रिव्हॉल्वर होते. त्याच्या मुठीवर कुंकवाचे बोट ओढलेले होते. कामगार एकेक करून आत जात, चौरंगाला हात जोडत आणि पेढा घेऊन बाहेर येत. वडिलांनीही हात जोडले.

परतीच्या वाटेवर मी विचारले, "आप्पा, तुमचा घण आत का नव्हता?" ते हसले आणि म्हणाले, "आपली हत्यारं भाईर, त्येंचं आत. तसंच असतंय."

मराठीत 'हत्यार' हा शब्द अवजाराला चालतो आणि शस्त्रालाही चालतो. खंडेनवमीची पूजा दोहोंची. परंतु शब्द एक असला तरी हत्यारांची बसण्याची जागा एक नाही. ज्या हत्याराने माणूस राबतो ते बाहेर आणि ज्या हत्याराने माणसाला धाक दाखवता येतो ते आत. वडिलांनी सहज सांगितलेल्या त्या वाक्यात एक समाजशास्त्र होते, हे कळायला मला पुढची वीस वर्षे लागली.

ते आज आठवण्याचे कारण असे. मी ज्या महाविद्यालयात मराठी शिकवतो, तेथील एका विद्यार्थ्याने आपल्या वाढदिवसाला मोबाइलवर एक छायाचित्र लावले. पांढरा शर्ट, काळा गॉगल, गळ्यात निळा गमछा आणि पट्ट्यात खोचलेल्या रिव्हॉल्वरची दिसेल अशी मूठ. मुलगा आपल्याच वस्तीतला आहे आणि हुशार आहे. रिव्हॉल्वर त्याचे नव्हतेच. ज्या पुढाऱ्यामागे तो हिंडतो, त्याच्या एका साथीदाराकडून पाच मिनिटांसाठी मागून घेतलेले होते. त्याच आठवड्यात मी वर्गात 'फकिरा' शिकवीत होतो. तास संपल्यावर तो माझ्याजवळ आला. मी नाराज आहे हे त्याला कळले असावे. तो म्हणाला, "सर, फकिराच्या हातातली तलवार तुम्ही आमास्नी शिकवताय. मग माझ्या कमरंचं रिव्हॉल्वर बघून तुमचं तोंड का उतरलं?"

परवाना नसताना दुसऱ्याचे शस्त्र कमरेला लावणे हा गुन्हा आहे, एवढे मी त्याला सांगितले. पण त्याचा प्रश्न कायद्याचा नव्हता. तो साहित्याचा होता आणि आपल्या चळवळीचाही होता. त्या क्षणी मजजवळ उत्तर नव्हते. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा प्रयत्न आहे.

२

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. सॅम्युअल कोल्टने अमेरिकेत फिरत्या कोठीच्या पिस्तुलाचे पेटंट १८३६ साली घेतले. आरंभीची रिव्हॉल्वरे लांब नळीची होती. ती घोड्याच्या खोगिराला किंवा सैनिकाच्या पट्ट्याला लावायची. पुढे शहरातल्या माणसाला खिशात मावेल असे शस्त्र हवे झाले. इंग्लंडच्या वेब्ली कंपनीने १८७२ साली 'बुलडॉग' नावाचे रिव्हॉल्वर आणले. त्याची नळी अवघी अडीच इंचांची होती. कोल्ट कंपनीने १९२७ साली दोन इंची नळीचे रिव्हॉल्वर काढले आणि त्याला गुप्त पोलिसाचेच नाव दिले. नळी आखूड केली म्हणजे लांबचा नेम बिघडतो. तरीही ती आखूड केली गेली, कारण शस्त्र कोटाखाली दडले पाहिजे. लपवता येणे हाच ह्या वस्तूचा जन्महेतू होय.

आता आपल्याकडे पाहा. लपवण्यासाठी घडवलेले हे शस्त्र आपल्याकडे दाखवण्यासाठी वापरले जाते. लग्नाच्या वरातीत, ग्रामपंचायतीच्या गुलालात, चौकातल्या वाढदिवसाच्या फलकावर आणि आता मोबाइलवरच्या चित्रफितींत शर्ट थोडा वर सरकलेला असतो आणि मूठ दिसत असते. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे रिव्हॉल्वर सार्वजनिक जागी न्यावयाचे असेल, तर ते झाकून न्यावे लागते आणि ते परजणे निषिद्ध आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आनंदाच्या भरात गोळीबार करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरवली आणि एका माणसाने बाळगावयाच्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली. कायद्याला हौस रोखण्यासाठी असे हातपाय हलवावे लागले, ह्यातच तिची व्याप्ती दिसते. परंतु हौसेचे मूळ कायद्यात नाही. जे शस्त्र चालवण्यापेक्षा दाखवण्यासाठीच अधिक बाळगले जाते, ते शस्त्र कमी आणि चिन्ह अधिक असते. म्हणून त्याची चिकित्सा पोलिसांनी करावयाची तशी समीक्षकानेही करावयास हवी. चिन्ह कोणाचे आहे, ते काय सांगते आणि कोणाला सांगते, हे तीन प्रश्न आपण कवितेला विचारतो. तेच येथेही विचारले पाहिजेत.

३

चिन्ह कोणाचे? ह्याचे उत्तर इतिहासात आहे. वर्णव्यवस्थेने शस्त्र एका वर्णाच्या हाती दिले आणि शूद्रातिशूद्रांचे हात सेवेसाठी मोकळे ठेवले. माझा आजा येसकर होता. त्याच्या हातात काठी असे. त्या काठीने त्याने गावाची राखण केली, सरकारी वसुली तालुक्याला पोचवली आणि भाकरी मात्र दारोदार मागितली. दुसऱ्याचे धन राखण्यासाठी दिलेली ती काठी होती. स्वतःचे राखावे असे त्याच्याजवळ काही नव्हते. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली, तेव्हा आज्याने ती काठी चुलीत घातली, असे वडील सांगत. आमच्या घराण्याच्या शस्त्रपरंपरेचा इतिहास एवढाच.

इंग्रजांनी १८७८ साली शस्त्र कायदा केला. परवान्याशिवाय एतद्देशीयांनी शस्त्र बाळगू नये असे ठरले. पण त्यातून युरोपियन सुटले आणि राजेरजवाडे, पदवीधारी व राजनिष्ठ बडी मंडळीही सुटली. म्हणजे बंदूक घरात असणे ही सरकारदरबारच्या पतीची खूण झाली. संस्थानिकांच्या वाड्यांतून शस्त्रांचे संग्रह वाढले ते ह्याच पतीच्या आधाराने. आज त्यांतले काही संग्रहालयांत पैसे देऊन पाहता येतात. संग्रहाची हौस ही मुळात ह्या वर्गाची हौस आहे. ज्याला एक शस्त्र बाळगायला बंदी, तो संग्रह कशाचा करणार?

स्वातंत्र्यानंतर १९५९ साली नवा शस्त्र कायदा आला. त्याच्या चौदाव्या कलमात एक तरतूद आहे. केवळ पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून कोणाला परवाना नाकारता येणार नाही, असे ती सांगते. परवाना ही श्रीमंतांची मिरास होऊ नये, एवढे भान कायदा करणाऱ्यांना होते. पण कायद्यातले भान बाजारात उतरत नाही. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर कानपूरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीने २०१४ साली खास स्त्रियांसाठी म्हणून .३२ बोअरचे एक रिव्हॉल्वर काढले. नाव 'निर्भीक', वजन सुमारे ५०० ग्रॅम, किंमत १,२२,३६० रुपये. ते दागिन्याच्या पेटीसारख्या पेटीत घालून विकले गेले. त्या साली माझ्या वडिलांची वर्षाची कमाई एवढी नव्हती. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी सुरेखा भोतमांगे आणि त्यांची तीन मुले मारली गेली. त्या माउलीला दागिन्याच्या पेटीतले रिव्हॉल्वर नको होते. वेळेवर येणारा पोलीस हवा होता. तो आला नाही.

चिन्ह काय सांगते, ते बीडने दाखवून दिले. २०२४ च्या अखेरीस त्या एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने असल्याचे उघड झाले. हवेत गोळ्या झाडणाऱ्यांच्या आणि कमरेला रिव्हॉल्वर लावून मिरवणाऱ्यांच्या चित्रफिती बाहेर आल्या आणि प्रशासनाला अनेक परवाने रद्द करावे लागले. निमित्त होते मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख ह्यांच्या खुनाचे. त्यांचा खून ९ डिसेंबर २०२४ रोजी झाला. त्या प्रकरणाचा आरंभ ६ डिसेंबरला झाला. एका पवनचक्की कंपनीच्या आवारात दलित पहारेकऱ्याला मारहाण झाली आणि सरपंच त्याच्या बाजूने उभे राहिले. खटल्याविषयी मला येथे बोलावयाचे नाही. मला एवढेच दाखवावयाचे आहे की, बाराशे परवान्यांच्या त्या जिल्ह्यात सरपंचांना मारताना जी हत्यारे वापरल्याचे आरोपपत्रात आले, ती गॅसचा पाइप, लोखंडी पाइप आणि काठ्या अशी होती. खेड्यातला खून अजून अवजारानेच होतो. मग रिव्हॉल्वर कशासाठी असते? ते असते सांगण्यासाठी. 'मी कोणाचा माणूस आहे आणि माझ्यामागे कोण आहे' हे ते सांगते. खून करायला पाइप पुरतो. खुनाआधी आणि खुनानंतर गावाला गप्प बसवायला मूठ दाखवावी लागते.

४

हे चिन्ह आमच्या मुलांच्या मनात कोठून उतरले? ह्याचा शोध मराठी वाचकाने आणि प्रेक्षकाने स्वतःच्या आवडीत घ्यावा. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा झुंजार मराठी मध्यमवर्गाच्या दोन पिढ्यांनी डोक्यावर घेतला. ह्या कथांचे जग शहरी आणि सुखवस्तू आहे. त्यात रिव्हॉल्वर हे सभ्य गृहस्थाच्या पोशाखाचा भाग असल्यासारखे येते. परवाना कोठून आला, हा प्रश्न कोणी विचारत नाही. तो विचारावा असे ज्या वाचकाला वाटले असते, तो वाचक अजून ग्रंथालयाच्या पायरीवर पोचलेला नव्हता.

ग्रामीण चित्रपटाने रिव्हॉल्वर आणि बंदूक पाटलाच्या वाड्यात नेली. परंतु १९७५ साली आलेला 'सामना' ह्या बाबतीत वेगळा आहे. डॉ. जब्बार पटेलांचा हा चित्रपट, पटकथा विजय तेंडुलकरांची. साखरसम्राट हिंदुराव धोंडे-पाटलाच्या साम्राज्यात मारुती कांबळे गेला कुठे, हा प्रश्न साऱ्या चित्रपटाचा कणा आहे. हा मारुती कांबळे फौजेतून परत आलेला माणूस आहे, हे आपण पुरेशा गांभीर्याने वाचलेले नाही. शस्त्र चालवण्याचे रीतसर शिक्षण त्या गावात कोणाला असेल तर ते ह्या कांबळ्याला. आणि तोच नाहीसा होतो. शस्त्राचे ज्ञान त्याला वाचवू शकले नाही, कारण गावाची सत्ता शस्त्रात नव्हतीच. ती कारखान्यात, सोसायटीत, पोलीस पाटलाच्या दफ्तरात आणि लोकांच्या मौनात होती. हिंदुरावाला मास्तर हरवतो तो बंदुकीने नव्हे, पुन्हा पुन्हा तोच प्रश्न विचारून. एका प्रश्नाने साम्राज्य हलते, हे त्या चित्रपटाचे मोठेपण आहे.

'सैराट' २०१६ साली आला. नागराज मंजुळे ह्यांच्या ह्या चित्रपटात पळून जाणाऱ्या दोघांवर संकट येते, तेव्हा पिस्तूल चालवते ती पाटलाची मुलगी आर्ची. परश्याच्या हातात ते येत नाही. प्रेक्षकांनी शिट्ट्या वाजवल्या. त्या शिट्ट्या आर्चीच्या धीटपणासाठी होत्या हे खरे. पण दिग्दर्शकाने आणखी एक गोष्ट दाखवली आहे. पिस्तूल पाहून न बावरण्याचा सराव ज्या घरात होतो, ते घर परश्याचे नव्हे. आणि शेवटी त्या दोघांचे प्राण जातात ते गोळीने नाही. स्वतःच्या माणसांनी भेटीचे आहेर घेऊन घरात येऊन मारले. ज्या वर्गाच्या कमरेला रिव्हॉल्वर असते त्यालाही जातीची शिक्षा द्यावयाची झाली म्हणजे ते लागत नाही, हे मंजुळ्यांनी अचूक टिपले आहे.

अशा रीतीने एकीकडे सभ्य गृहस्थाचे रिव्हॉल्वर आणि दुसरीकडे पाटलाचे. आमच्या मुलाने पाहिलेली चित्रे ही दोनच. ती पाहून त्याने जे कमरेला लावले, ते त्याचे स्वतःचे चिन्ह नव्हे. ते वाड्यावरून पाच मिनिटांसाठी उसने आणलेले चिन्ह आहे. निळा गमछा त्याचा आणि मूठ त्यांची, असे ते छायाचित्र आहे.

५

आता फकिराची तलवार. वाळवे तालुक्यातले वाटेगाव आमच्या कुपवाडपासून फार लांब नाही. शाळेत जेमतेम दीड दिवस गेलेल्या अण्णा भाऊ साठे ह्यांनी तेथल्या मातीतून 'फकिरा' उभा केला. ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली. फकिराच्या हातात तलवार आहे आणि ती अण्णा भाऊंनी गौरवाने रंगवली आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ती तलवार केव्हा उपसली जाते? दुष्काळात मांग-महारांची पोरे अन्नावाचून तडफडू लागतात तेव्हा. लुटलेले धान्य कोठे जाते? वस्तीच्या चुलीवर. आणि ती तलवार खाली केव्हा ठेवली जाते? सरकार त्याच्या माणसांना ओलीस धरते तेव्हा. त्यांना सोडवण्यासाठी फकिरा स्वतः सरकारच्या हवाली होतो. तलवार उपसण्याचे कारण समाज आणि ठेवण्याचे कारणही समाज. फकिरा तलवार घेऊन चित्र काढून घ्यायला उभा राहिला, असे एक पान त्या कादंबरीत नाही. ज्या शस्त्राला खाली ठेवण्याची वेळ कळते ते विद्रोहाचे शस्त्र असते, आणि ज्याला ती कधी कळत नाही ते हौसेचे.

आणखी एक गोष्ट आपण विद्यार्थ्यांना क्वचित सांगतो. अण्णा भाऊंनी 'फकिरा' अर्पण केली आहे ती कोणा तलवारबहाद्दराला नव्हे, बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला. तलवारीची कादंबरी लेखणीच्या ओंजळीत ठेवली. ह्या अर्पणपत्रिकेचा अर्थ लावल्याशिवाय 'फकिरा' शिकवणे अपुरे आहे. मीही ती तशीच अपुरी शिकवीत आलो होतो, हे येथे कबूल करतो.

ह्या जिल्ह्यांचा इतिहासही हेच सांगतो. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगलीचा तुरुंग फोडला. तेव्हा पहारेकऱ्यांच्याच बंदुका त्यांनी हिसकावल्या. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने तुफान सेना उभी केली, शस्त्रे मिळवली आणि चालवली. पण ती शस्त्रे एका सार्वजनिक कामाची होती. काम संपले तेव्हा त्यांचेही काम संपले. त्या पिढीचे नाव सांगत आज जे कमरेला रिव्हॉल्वर लावून हिंडतात, त्यांनी क्रांतीचे काम ठेवून दिले आणि तिचे तेवढे हत्यार उचलले आहे.

६

माझा विद्यार्थी वाचणारा आहे. त्याने उद्या मला आणखी अवघड प्रश्न विचारला, तर तो असा असेल. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन' ह्या न झालेल्या भाषणात स्पष्ट मांडले की, चातुर्वर्ण्याने खालच्या वर्गांना शस्त्र धरू दिले नाही आणि शस्त्राविना त्यांना बंड करता आले नाही. मग शस्त्र हाती घेणे हेच त्यांचे सांगणे नाही काय?

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. परंतु त्याच ठिकाणी बाबासाहेब युरोपातील दुर्बलांची तीन शस्त्रे सांगतात. सैन्यात जाण्याची मोकळीक हे त्याचे शारीरिक शस्त्र, दुसरे राजकीय आणि तिसरे शिक्षण, हे नैतिक. शारीरिक शस्त्र म्हणून ते नाव घेतात ते सैन्यसेवेचे, खाजगी तलवारीचे किंवा पिस्तुलाचे नव्हे. म्हणूनच १९४८ च्या डिसेंबरात संविधान सभेत ह. वि. कामत ह्यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची सूचना केली, तेव्हा बाबासाहेबांनी ती नाकारली. परकीय सरकार असताना ही मागणी योग्य होती, ते कारण आता उरले नाही, असे त्यांनी सांगितले. जो तो बाजारात जाऊन वाटेल ते शस्त्र घेऊ लागला तर राज्य चालवणेच अशक्य होईल, अशी त्यांची भूमिका होती. आग्रह धरावयाचा तर व्यक्तीने शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा नव्हे, राज्यावर संकट आले असता शस्त्र धरण्याच्या कर्तव्याचा धरावा, असे ते म्हणाले. १९३६ आणि १९४८ ह्यांत विसंगती नाही. दोन्ही ठिकाणी शस्त्र सार्वजनिक आहे. खाजगी शस्त्राचा बाजार मोकळा झाला तर आधी कोणाच्या कमरेला पिस्तूल येईल, हे गावकुसाबाहेर वाढलेल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही.

बाबासाहेबांच्या घरचाच दाखला घ्या. वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेचे शिक्षक. फौजेने दिलेली बंदूक निवृत्तीबरोबर फौजेकडे राहिली. लष्करी शाळेने दिलेले अक्षर मात्र घरी आले. तेच अक्षर ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेच्या पटावर भिवा ह्या नावाने उमटले. महारांची सैन्यभरती बंद झाली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकर आणि शिवराम जानबा कांबळे ह्यांनी अर्जविनंत्या केल्या त्या ह्या सार्वजनिक शस्त्रासाठी. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली तीही त्याच वाटेने. शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी गुन्हेगार म्हणून हिणवलेल्या फासेपारध्यांना पहाऱ्याच्या नोकऱ्या दिल्या. हे सारे शस्त्राचेच मार्ग आहेत. पण ते माणसाला गणवेश आणि जबाबदारी देतात. मिरवण्याची मूठ देत नाहीत.

अमेरिकेकडेही एक नजर टाकू. ब्लॅक पँथर पक्ष १९६६ साली ओकलंडमध्ये स्थापन झाला. काळ्यांवर होणाऱ्या पोलिसी जुलमावर पाळत ठेवण्यासाठी त्याचे कार्यकर्ते उघडपणे बंदुका घेऊन फिरत. तेव्हाच्या कॅलिफोर्नियाच्या कायद्यात ते बसत होते. काळ्या हातांत बंदूक दिसताच १९६७ साली तो कायदाच बदलला गेला. गोऱ्यांच्या हातात असताना तो पिढ्यान्पिढ्या कोणाला खटकला नव्हता. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिने त्या पक्षाचे नाव घेतले, आग घेतली, बंदूक घेतली नाही. ती भेकडपणाने घेतली नाही असे म्हणणाऱ्याने वरळीच्या रस्त्यांवर सांडलेले रक्त आठवावे. पँथरने कविता, मोर्चा आणि जाहीरनामा ही हत्यारे निवडली, कारण ही हत्यारे हजारांना एकाच वेळी धरता येतात. रिव्हॉल्वरची मूठ एकाच हातात मावते.

७

ह्याचा अर्थ गावात जीव मुठीत धरून राहणाऱ्या आमच्या माणसाला मी 'निःशस्त्र राहून सहन कर' असे सांगतो आहे काय? मुळीच नाही. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात कुळकजाई येथे मधुकर घाडगे ह्यांना २६ एप्रिल २००७ रोजी स्वतःच्या जमिनीत विहीर काढण्यावरून मारले गेले आणि सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. अशा ठिकाणी संरक्षणाची भाषा कोणी हौस म्हणून हिणवू नये. परंतु संरक्षण आणि हौस ह्यांतला फरक कायद्यानेच करून ठेवला आहे, आणि तो आमच्या कार्यकर्त्यांनी पुरेसा वापरलेला नाही.

१९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली १९९५ साली नियम झाले. त्यांतला तिसरा नियम प्रत्येक वस्तीत मोठ्याने वाचला पाहिजे. जेथे अत्याचाराची भीती आहे असा भाग शासनाने हुडकून काढावा. जरूर वाटल्यास तेथील अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे, त्यांच्या नातलगांचे, नोकरांचे आणि स्नेह्यांचे शस्त्रपरवाने रद्द करून ती शस्त्रे सरकारी कोठारात जमा करावीत. बेकायदा शस्त्रे जप्त करावीत. आणि जीविताच्या व मालमत्तेच्या रक्षणासाठी आवश्यक असल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शस्त्रपरवाने द्यावेत. १८७८ चा कायदा पूर्णपणे उलटा करून ठेवलेला हा नियम आहे. ज्याच्या हातात शस्त्र होते त्याचे काढून घ्यावे आणि ज्याला ते कधीच मिळाले नाही त्याचा विचार व्हावा, असे तो सांगतो.

ह्या नियमातला क्रमही पाहा. आधी जुलमी हातातले शस्त्र काढून घ्यावयाचे आणि मग आपल्या हाती द्यावयाचे. आपण मात्र दुसरी पायरी पाहतो, तीही उसनी आणि चोरून, आणि पहिली विसरतो. त्याच नियमांत जिल्हा दक्षता व नियंत्रण समिती सांगितली आहे. तिने दर तीन महिन्यांनी बसावयाचे असते. आपल्या जिल्ह्यात शस्त्रपरवाने किती, कोणाकडे, आणि अत्याचाराचा गुन्हा नोंद झाल्यावर त्यांतले किती काढून घेतले, हे प्रश्न ह्या समितीपुढे लेखी टाकावेत. हे काम करायला रिव्हॉल्वर लागत नाही. एक कागद, एक तारीख आणि पोच लागते. 'सामना'तला मास्तर ज्या हट्टाने प्रश्न विचारतो, तो हट्ट लागतो. आपल्या पुढाऱ्यांनीही एक करावे. आपल्यामागे हिंडणाऱ्या पोरांच्या हाती छायाचित्रापुरतीसुद्धा मूठ देऊ नये. हिंदुरावाची नक्कल करून हिंदुराव हरत नाही, त्यांची संख्या तेवढी वाढते.

मी त्या विद्यार्थ्याला हे सारे सांगितले. त्याला ते सारे पटले, असे मी म्हणणार नाही. थोडा वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "सर, त्यो नियम मला लिहून द्या." मी फळ्यावर लिहिला, त्याने मोबाइलवर त्याचे छायाचित्र काढले. वाढदिवसाचे चित्र त्याने उतरवले की नाही, ते मी विचारले नाही.

खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी विजयादशमी येते. १४ ऑक्टोबर १९५६ ही विजयादशमी होती. त्या दिवशी नागपुरात बाबासाहेबांनी लाखो माणसांसह शस्त्र टाकलेल्या अशोकाचा धम्म स्वीकारला. कुपवाडच्या आमच्या वस्तीत दरवर्षी त्या दिवशी पांढरी वस्त्रे घालून माणसे बुद्धविहाराकडे निघतात. औद्योगिक वसाहतीतल्या केबिनमधला चौरंग तोवर आवरलेला असतो आणि मूठ पुसून कपाटात ठेवलेली असते. माझे वडील आता थकले आहेत. भट्टी सुटली, हातावरचे चटक्यांचे डाग तेवढे राहिले. गेल्या वर्षी विहाराकडे जाताना मी त्यांना त्या जुन्या पूजेची आठवण दिली. ते म्हणाले, "तवा कळत नव्हतं, म्हणून हात जोडलं." आमच्या पोरांना ते आता कळले पाहिजे. उसनी मूठ कमरेला लावणे म्हणजे त्याच चौरंगापुढे पुन्हा हात जोडणे होय.